मुलीला मोठ्या खेळाडूंचा कोणता डाव दाखवावा?

गोव्यातल्या हडफड्याला २०२५ च्या बुद्धिबळ विश्वचषकाचे सामने मुलीला दाखवले, पण तिला काही उमगलं नाही, आता घरी कोणता डाव दाखवू, असं तुम्ही विचारलंय. मी फोंड्यात मुलांना बुद्धिबळ शिकवतो. डोळे मिटून सांगेन: लेव्हॉन अरोनियन विरुद्ध विश्वनाथन आनंद, नेदरलँड्समधलं विक आन झी, जानेवारी २०१३. अवघ्या २३ खेळ्या. दोघांचंही गोव्याशी नातं आहे. अरोनियन २००२ साली इथेच ज्युनियर विश्वविजेता झाला, आणि तुम्ही पाहिलेल्या स्पर्धेचा चषक आनंदच्या नावाचा.

खरा पट मांडा. इंजिन, म्हणजे खेळ्या जोखणारा संगणक प्रोग्राम, मुळीच नको. ते आकडा दाखवतं आणि मूल विचार करायचं थांबतं. सुरुवातीच्या खेळ्या भराभर करा, पांढऱ्याच्या सोळाव्या खेळीनंतर थांबा. काळा आनंदचा. आता काय खेळशील, एवढंच विचारा आणि गप्प बसा. तिला हवा तेवढा वेळ घेऊ द्या.

आनंदने डी७ चा (अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा) घोडा ई५ वर टाकला, दोन प्याद्यांच्या तोंडी! सी५ चा उंट, जी४ चा घोडा आणि एफ८ चा हत्ती आधीच माऱ्यात होते. म्हणजे एकाच वेळी चार मोहरे माऱ्यात. मुलं इथे हमखास ओरडतात, "सर, फुकट दिला!" मग एफ४ च्या प्याद्याने तो घोडा मारायला सांगा. काळा वजीर डी४ वर येऊन शह देतो. राजा एच१ वर सरकला, तर वजीर थेट जी१ वर. मागे सी५ चा उंट आहे, म्हणून राजाला तो मारता येत नाही. पांढऱ्या हत्तीनेच वजीर मारावा लागतो. आणि घोडा एफ२ वर, मात! राजा स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेला.

अरोनियनने हे ओळखलं आणि उंटाने जी४ चा घोडा मारला, तरी डाव वाचला नाही. शेवटची खेळीही तिलाच शोधू द्या. काळ्या वजिराला एच३ वर मारून मात करायचीय. पांढरा वजीर डी३ वरून एच३ राखतोय, आणि बी७ च्या उंटामुळे जी२ चं प्यादं जखडलंय (हललं तर राजा उघडा पडतो). आनंदने दुसरा उंट ई३ वर आणून वजिराची वाट बंद केली. तिथेच अरोनियनने डाव सोडला.

हा पचला की रोटलेवी–रुबिनस्टाईन, लॉड्झ (पोलंड) १९०७ हा डाव घ्या. दोन उंटांचा तसाच मारा त्यात आहे, आणि यावेळी तो तिला तुमच्या आधी दिसेल.