पाळकांच्या मुलीने ‘आत्ता नको’ म्हटलं तेव्हा

“ताई, आमच्या मुलाला चर्च नको झालंय. आमचं कुठे चुकलं?” ख्रिस्ती कुटुंबांमध्ये काम करताना हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. विचारणारे पाळक किंवा डिकन, म्हणजे चर्चच्या कारभारात पाळकांना साथ देणारे, असतील तर त्यामागे आणखी एक प्रश्न दबलेला असतो, मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, काय म्हणतील? अशाच एका घराची गोष्ट त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या पायथ्याकडे बॅप्टिस्ट मंडळ्या आहेत. त्यातल्या एका मंडळीच्या पाळकांचा फोन आला. ईस्टरला सात जणांचा बाप्तिस्मा ठरला होता आणि त्यांत त्यांची सतरा वर्षांची मुलगी होती. बाप्तिस्म्याआधीचा तयारीचा वर्ग तिने पूर्ण केला होता. गुड फ्रायडेच्या रात्री जेवणं आटोपल्यावर ती म्हणाली, “पप्पा, मी रविवारी पाण्यात उतरणार नाही.” पाळकांनी आधी समजावलं, मग आवाज चढला, आणि शेवटी त्यांच्या तोंडून गेलं, “माझ्यासाठी तरी घे.” रविवारी सहा जण पाण्यात उतरले. पुढचे तीन आठवडे बापलेकीत कामापुरतंही बोलणं नव्हतं.

“तिला एकदा समजावून सांगा ताई,” ते म्हणाले. मी म्हटलं, समजवायचं मी कबूल करत नाही, ऐकायचं करते. आणि आधी तुमचं ऐकते.

मी स्वतः नगरकडची, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली. आमच्याकडे तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घालतात, आईवडील त्याच्या वतीने वचन देतात आणि मूल मोठं झालं की मंडळीसमोर आपला विश्वास कबूल करतं. बॅप्टिस्टांकडे कुणाच्या वतीने काही चालत नाही. आधी स्वतःचा विश्वास, मग मंडळीसमोर स्वतःच्या तोंडची साक्ष, मग पूर्ण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा. शिवाय त्यांच्यात बिशप नसतो. प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण बघते, पाळकाला बोलावते तीच आणि निरोप देते तीच. हे पाळक मंडळीच्याच क्वार्टरमध्ये राहत होते. त्यांनी बायबल उघडून तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय माझ्यापुढे सरकवला. मंडळीची देखरेख करणाऱ्याने आपलं घर नीट चालवावं, त्याची मुलं आज्ञेत असावीत, असं तिथे आहे. त्या ओळीवर ठेवलेलं त्यांचं बोट थरथरत होतं.

“वार्षिक सभेत हेच वाचून दाखवतील.”

लोकांचं मनावर घेऊ नका, असं मी त्यांना म्हणाले नाही. ज्याचं छप्पर आणि पगार त्याच लोकांच्या हातात आहे त्याला असं सांगणं निष्ठुरपणाचं आहे. भीती खरी होती. प्रश्न एवढाच होता, की तिचा भार कुणी वाहायचा? तोपर्यंत तो मुलीच्या डोक्यावर होता.

मुलीला मी चर्चच्या आवारात कडुनिंबाखाली भेटले. मूल ‘चर्च नको’ म्हणतं तेव्हा मी श्रद्धेचं आधी विचारत नाही. झोप लागते का, जेवण जातं का, मैत्रिणींशी बोलणं आहे का, कुणी त्रास दिला का, नकोसा स्पर्श केला का, अगदी चर्चमधल्या कुणी का असेना. जगणं नकोसं वाटतं का, हेही सरळ शब्दांत विचारते. विचारल्याने तो विचार मुलांच्या डोक्यात शिरत नाही, उलट असलेला बाहेर येतो. असं काही आढळलं तर बाप्तिस्म्याचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायचे. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा नंबर चोवीस तास मोफत आहे, तो प्रत्येक पाळकाच्या फोनमध्ये असायला हवा. इथे तसं काही नव्हतं. मुलगी शांत होती आणि तिने एक वही बरोबर आणली होती.

वहीत तिची साक्ष होती. मंडळीसमोर वाचायची म्हणून तिने लिहिली आणि पप्पांना दाखवली. पहिलं वाक्य होतं, ‘मला अजून सगळं कळलेलं नाही, पण येशू मला आवडतो.’ त्यावर लाल पेनची आडवी रेघ, वर लिहिलेलं, ‘येशूला मी माझा तारणारा म्हणून स्वीकारलं आहे.’ खाली, ‘रात्री भीती वाटली की मी प्रार्थना करते, पण प्रत्येक वेळी भीती जातेच असं नाही.’ हे अख्खं खोडलेलं, समासात ‘नको’. पान पुरं होईपर्यंत निळ्यापेक्षा लाल जास्त.

“आंटी, यात माझं फक्त अक्षर उरलंय,” ती म्हणाली.

मग सावकाश बोलू लागली. “पाण्यात उभं राहिल्यावर पप्पा विचारतात, तू विश्वास ठेवतेस का? मी ‘हो’ म्हटलं असतं तर खोटं झालं असतं. ‘नाही’ म्हटलं असतं तरी खोटंच, कारण तसंही नाहीये. म्हणून घरीच सांगितलं. संडे स्कूलमध्ये त्यांनीच शिकवलंय ना, बायबलातला तो कूशी अधिकारी सुवार्ता सांगणाऱ्या फिलिप्पाबरोबर रथातून जात होता, पाणी दिसल्यावर बाप्तिस्म्याचं त्याने स्वतः विचारलं. फिलिप्प मागे लागला नव्हता.”

इतकी वर्षं हे काम करते आहे, पण बाप्तिस्मा म्हणजे काय हे इतक्या गंभीरपणे घेतलेलं मूल मी फार क्वचित पाहिलं आहे. मंडळी जिला अवज्ञा म्हणेल ती मला प्रामाणिकपणा दिसत होता, आणि तो तिला बापाच्याच उपदेशांतून मिळालेला होता.

तिला सगळ्यात जास्त लागलं होतं ते वेगळंच. “रात्रीच्या प्रार्थनेत पप्पा माझ्यासमोरच देवाला म्हणतात, प्रभू, आमच्या लेकराचं कठीण मन मऊ कर. मी डोळे मिटून बसलेली असते. उत्तर द्यायची सोय नसते.” हे पुष्कळ ख्रिस्ती घरांत होतं. देवाशी बोलतो असं म्हणत आपण मुलांना ऐकवत असतो, आणि मुलांना पहिल्याच रात्री ते कळतं. प्रार्थनेशीच त्यांचं वाकडं होतं ते अशाने.

पाळकांशी दुसऱ्यांदा बसले तेव्हा मी विचारलं, तुमच्या वर्गात कधी कुणाला थांबा म्हणालात का? म्हणाले, हो, दोन वर्षांपूर्वी एका डिकनच्या मुलाला. घरच्यांच्या आग्रहाखातर आला होता, म्हणून त्याला वेळ दिला. बोलता बोलता ते थांबले. बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

मग सेमिनरीत, पाळकाचं शिक्षण घेताना, शिकलेलं ते स्वतःच सांगू लागले. थॉमस हेल्विस यांनी 1612 साली लंडनजवळ इंग्लंडमधली पहिली बॅप्टिस्ट मंडळी उभी केली. माणसाच्या देवाशी असलेल्या नात्यावर राजाचाही अधिकार नाही, असं त्यांनी छापलं आणि त्यापायी न्यूगेटच्या तुरुंगात पडले. “राजाचा नाही,” मी म्हटलं, “मग बापाचा?” ते नुसते माझ्याकडे बघत राहिले.

इंग्लंडहून बंगालमध्ये आलेले बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरी यांचा विषयही त्यांनीच काढला. मराठी माणसाला कॅरी परके नाहीत. 1805 साली त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं, 1810 साली मोडी लिपीत कोश. पाळक दर वर्षी डिसेंबरात एक प्रसंग सांगत. 28 डिसेंबर 1800, बंगालमधलं सेरामपूर, हुगळीच्या घाटावर कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा. त्याच दिवशी कॅरींनी आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला, फेलिक्सलाही, पाण्यात नेलं. मी विचारलं, त्या वेळी फेलिक्सची आई कुठे होती? त्यांना माहीत होतं. डोरोथी खोलीत बंद होती. 1794 साली पाच वर्षांचा पीटर गेल्यावर तिचं मन ढासळत गेलं, ते 1807 साली ती वारेपर्यंत. फेलिक्सचाही पुढचा रस्ता सरळ गेला नाही. ब्रह्मदेशात नाव बुडून बायकामुलं गेली, तो भटकत राहिला आणि 1818 साली सेरामपूरला परतला. मिशनचं काम मोठं होतं म्हणून मिशनऱ्याचं घर दुखायचं थांबलं नाही.

“घाट मी दर वर्षी सांगतो,” पाळक हळूच म्हणाले. “खोली कधी सांगितली नाही.”

तेव्हा दाराशी बसलेल्या पाळकीणबाई पहिल्यांदा बोलल्या. “सांगा ना मग.” त्या उठल्या आणि कपाटातून पांढरा झगा घेऊन आल्या. मुलगी पंधराची असताना शिवलेला. पाण्यात वर तरंगू नये म्हणून घेराच्या कडेला आतून मासळीच्या जाळ्याला लावतात तसे शिशाचे मणी शिवले होते. पोरगी उंच होत गेली तशी दोन वेळा कड उसवून खाली सोडलेली, जुन्या शिलाईच्या रेघा दिसत होत्या. “मला कुणी विचारलं नाही, मला काय वाटतं,” त्या म्हणाल्या. “मला वाटतं तिने हे कुणाच्या धाकाने घालू नये. पण बायका विहिरीवर विचारतात तेव्हा मला तोंड उघडता येत नाही.”

काम त्या दिवसापासून खरं सुरू झालं. पाळकांना मी महिनाभर मुलीसाठी मोठ्याने प्रार्थना न करायला सांगितलं. मनातल्या मनात हवी तितकी करा. हे त्यांना फार जड गेलं, दोनदा मोडलं, दोन्ही वेळा त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं. मुलीची माफी त्यांनी मागितली ती प्रार्थनेतून किंवा वचनाचा आधार घेऊन नाही. स्वयंपाकघरात, ती पोळ्या लाटत असताना. “तुझ्या वहीत मी लिहायला नको होतं.” ती म्हणाली, “हं.” आणि लाटत राहिली. त्यांनी मला निराश होऊन विचारलं, एवढंच? मी म्हटलं, पहिल्या दिवशी एवढं भरपूर आहे.

डिकनांनी विचारायच्या आधी आपणच सांगायचं, असं आम्ही ठरवलं. सारवासारव करायची नाही आणि मुलीच्या मनातलं सगळं उघडही करायचं नाही. बापाने सांगायचं ते एवढंच: ती अजून तयार नाही, मी तिला घाई केली, ती माझी चूक. पाचपैकी तिघांना पटलं. एकाने तोंड फिरवलं, त्यांचं कुटुंब काही महिने उपासनेला आलं नाही. वार्षिक सभेत तीमथ्याचा तो अध्याय खरंच वाचला गेला. त्यावर ज्याच्या मुलाला पाळकांनी थांबवलं होतं तो डिकन उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या पोराला वेळ दिला तो साहेबांच्या पोरीलाही मिळू द्या. बोलावणं टिकलं. पण ते थोडक्यात टिकलं, हे लपवण्यात अर्थ नाही. टिकलं नसतं तरी मी त्यांना हेच करायला सांगितलं असतं, आणि तसं मी त्यांना आधीच बोलले होते.

ज्या आईवडिलांनी हा प्रश्न मला विचारलाय त्यांना माझं सांगणं आहे, की मुलाला परत आणायला मामा, आत्या, युथ लीडर यांची रांग लावू नका. ‘आमच्या तोंडाला काळं फासलंस’ हे वाक्य तर चुकूनही नको. मुलाने ‘नाही’ कशाला म्हटलंय ते नीट ऐका. देवाला म्हटलंय, चर्चमधल्या एखाद्या माणसाला, की आपल्या लाल पेनला? आणि तुम्हाला स्वतःला कधी शंका आल्या असतील तर त्या सांगा. पाळकांनी मुलीला सांगितल्या. त्या रात्री दोघं साडेबारापर्यंत ओट्यावर बसले होते, असं पाळकीणबाईंनी मला कळवलं.

मुलगी आता नागपूरला नर्सिंगला आहे. कधी चर्चला जाते, कधी नाही. बाप्तिस्मा घेतलेला नाही. पुढच्या ईस्टरला मंडळीत पाच जण होते, त्यांतल्या एका मुलीकडे झगा नव्हता. ही सुट्टीत घरी आलेली होती. ती मुलगी बुटकी, म्हणून हिने आईच्या मशीनवर बसून कड पुन्हा वर घेतली. मणी एकेक करून परत आत शिवले, आणि रविवारी सकाळी हौदाच्या पायऱ्यांवर टॉवेल घेऊन उभी राहिली.