पुनरुत्थानाच्या ओळीशी आवाज थांबतो, चर्चला जावं का?

प्रश्न: आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. गेल्या वर्षी बाबा गेले. तेव्हापासून उपासनेत येशूबद्दलची ‘तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठला’ ही ओळ आली की माझा आवाजच बंद होतो. शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या जीवनावरच्या मत्तय, मार्क, लूक, योहान या चार पुस्तकांत, त्याच्या कबरेकडे गेलेल्या बायकांची नावं पण जुळत नाहीत. आईशी बोलायला गेले तर ती रडते. चर्चला जाणं बंद करू का?
— एक वाचक, नगर

उत्तर: नका करू ताई. शंका फालतू आहे म्हणून नाही हां, नावं खरंच जुळत नाहीत, योहानात एकट्या मग्दालीया मरीयेचंच नाव, मत्तयात दोघी, मार्कात तिघी, आणि मार्कच्या चौथ्या शतकातल्या दोन जुन्या हस्तलिखितांत तर सगळं 16:8 लाच, म्हणजे सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनालाच थांबतं, बायका घाबरून पळाल्या, कोणाला काही बोलल्या नाहीत, संपलं. लूक सांगतो की बायकांचं बोलणं प्रेषितांनाच, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनाच, बडबड वाटलं. मत्तयाच्या शेवटी गालीलातल्या डोंगरावर येशू समोर उभा आहे तरी काहींना संशय आहेच! हे कोणी लपवलं नाही.

काही जण म्हणतील, प्रतीक म्हणून घ्या, आशा वगैरे. मला ते पटत नाही. वधस्तंभानंतर वीस-पंचवीस वर्षांत प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात स्पष्ट लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, आणि त्याच अध्यायात म्हणतो की पाचशेहून जास्त जणांनी त्याला एकदम पाहिलं, त्यातले बरेचसे अजून जिवंत आहेत. मी यावर विश्वास ठेवते. तुम्हाला आज जमत नसेल, पण बाबा गेल्यावर ती ओळ येशूपुरती राहिली नाही, ती बाबांबद्दलची झाली, मग ती सहज कशी म्हणवेल?

येशूचा शिष्य थोमा म्हटलं की सगळ्यांना त्याचं बोट आठवतं. मला ते आठ दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात. येशू उठलाय असं बाकीच्या शिष्यांनी सांगितलं, तेव्हा खिळ्यांचे व्रण पाहून त्यांत बोट घातल्याशिवाय मानणारच नाही असं तो सरळ म्हणाला, आणि आठ दिवसांनी बघा, त्याच घरात त्याच लोकांबरोबर आहे. त्यांनी हाकललं नाही, तोही उठून गेला नाही.

तर रविवारी जा, त्या ओळीला गप्प राहा, शेजारचे म्हणतील. पाळकांना एकदा घरी बोलवून हे सगळं सांगा. आणि आईला वाटत असेल की पोरीने विश्वास सोडला, तिला एवढंच सांगा की त्या ओळीला मला बाबा आठवतात.