मिनी एक्स्कॅव्हेटरसाठी ऑगर निवडताना काय पाहावे?

खांबांचे खड्डे घेण्यासाठी मिनी एक्स्कॅव्हेटरला (लहान खोदाई यंत्राला) कोणता ऑगर, म्हणजे जमिनीत फिरून खड्डा पाडणारे स्क्रूसारखे जोडयंत्र, घ्यावा, याचा विचार बिटच्या (माती कापणाऱ्या फिरत्या भागाच्या) व्यासापासून नव्हे, तर मशीनच्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेच्या, क्षमतेपासून सुरू करावा. ऑगर किती वेगाने फिरेल हे मिनिटाला किती लिटर तेल मिळते यावर, तर टॉर्क (फिरवण्याचा जोर) हा तेलाच्या दाबावर आणि मोटरच्या क्षमतेवर अवलंबून असतो. म्हणून मशीनच्या पुस्तिकेतील सहायक हायड्रॉलिक लाइनचे (जोडयंत्राला तेल पुरवणाऱ्या नळीचे) आकडे ऑगरच्या मर्यादेशी जुळवूनच निवड करावी. बिट मोठा आणि मोटर लहान, ही जोडी कठीण जमिनीत हमखास अडकते.

मऊ मातीला साधे दात पुरतात. मुरूम किंवा दगडगोटे असल्यास टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाचे दात लागतात. अखंड कातळ मात्र सामान्य ऑगरचे काम नव्हे.

खड्डा घेताना बिट एका दमात खाली रेटू नये. पाती (बिटभोवतीची सर्पिल पट्टी) मातीने भरली की तो फिरता ठेवूनच वर घ्यावा, माती झटकावी आणि पुन्हा उतरवावा. बिट अडकलाच, तर बूमने (मशीनच्या हाताने) ओढण्याऐवजी उलट फिरवून सोडवावा, अन्यथा शाफ्ट (बिटचा दांडा) वाकतो. झिजलेले दात वेळेवर बदलावेत, कारण तसे न केल्यास दात बसवण्याची खोबणच झिजू लागते आणि ती दुरुस्ती महाग पडते. जमिनीखालील वीजवाहिन्या व पाइप यांची खात्री अर्थातच खोदण्याआधी करून घ्यावी.