तीन माणसांची कंपनी, चार तासांची मुलाखत आणि मूळ मार्कशीट

तू माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस, म्हणून अरेतुरे करते.

तुझं म्हणणं थोडक्यात असं. तू गंगाखेडचा, यंदा नांदेडहून बी.टेक. झालास. छत्रपती संभाजीनगरला सिडकोत, एका मेडिकलच्या वरच्या फ्लॅटमध्ये तिघांची स्टार्टअप आहे. आडत दुकानांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर करतात. मुलाखत चार तास चालली आणि जावा ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेवर एकही प्रश्न आला नाही. आडत्याची एक पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा शेतकऱ्याला मिळणारा हिशोबाचा कागद, समोर ठेवून "शेतकऱ्याच्या हातात किती पडतील, सांग" म्हणाले. मग सेलूच्या एका चिडलेल्या आडत्याला फोन लावून तुझ्या हातात दिला. मालकाच्या आईनं जेवायला वाढलं. घरी शेती किती, चार महिने पगार लांबला तर जमेल का, हेही विचारलं. शेवटी 18,000 पगार, पहिले तीन महिने मात्र 8,000, दोन टक्के शेअर, दोन वर्षं नोकरी न सोडण्याचा बॉण्ड आणि मूळ मार्कशीट त्यांच्याकडे जमा. सगळं तोंडी. "हे लोक फसवायलेत का?" असा तुझा प्रश्न.

माझ्या मते तू वेगवेगळ्या गोष्टी एकाच कट्ट्यात भरल्यास. त्या आधी निवडून घेऊ.

पट्टीचा प्रश्न मला फार आवडला. माझे वडील मानवतच्या मोंढ्यात सोयाबीन न्यायचे. घरी आल्यावर पट्टी माझ्यापुढे टाकायचे आणि वाचून दाखव म्हणायचे. एकूण रकमेतून हमाली गेली, तोलाई गेली, पेरणीच्या वेळची उचल गेली, खाली उरलेला आकडा पाहून ते बराच वेळ गप्प बसायचे. ज्याला ही पट्टी वाचता येते त्याला त्या सॉफ्टवेअरमध्ये काय चुकू शकतं ते कळतं. उचल दोन वेळा वजा झाली तर एका घराची दिवाळी जाते. जावा येणारी मुलं त्यांना मिळतील, पण हे समजणारा मुलगा त्यांना हवा होता आणि तुझं उत्तर बरोबर आलं. फोनचंही तसंच. तीन माणसांच्या कंपनीत कोड लिहिणाऱ्यालाच गिऱ्हाइकाचा राग ऐकावा लागतो. पुढे रोज जे करायचं ते त्यांनी पहिल्याच दिवशी दाखवलं, हा मी त्यांचा प्रामाणिकपणा समजते. जेवणाचं तर मनातून काढूनच टाक. दुपारी दोन वाजता आलेल्या माणसाला आपल्याकडे कोण उपाशी बसवतं?

शेतीचा आणि चार महिन्यांचा प्रश्न मात्र मला टोचला. तो पैशाचा प्रश्न होता आणि तो तुझ्याकडे वळवला गेला. तुझ्या घरात किती दम आहे हे त्यांनी विचारलं, तर त्यांच्या बँकेत किती महिन्यांचा खर्च शिल्लक आहे हे विचारायचा हक्क तुलाही आहे. अगदी ह्याच शब्दांत विचार.

मी हे न विचारता नोकरी धरली होती. 2011 साली, जालना रोडवरच्या पाच जणांच्या एका कंपनीत. मुलाखत अगदी रीतसर झाली होती. काचेची केबिन, लेखी परीक्षा, इंग्रजीतून प्रश्न, काहीही विचित्र नव्हतं. सात महिने काम केलं, पगार तीन महिन्यांचाच मिळाला. "पुढच्या आठवड्यात पेमेंट येणार आहे" हे वाक्य मी चार महिने ऐकलं. वडिलांनी सोयाबीनच्या पैशातून माझं खोलीभाडं भरलं, आणि ते मला आजही विसरता येत नाही. त्यानंतरची मुलाखत एका गॅरेजमध्ये झाली. लाइट गेलेली, मालक दारात खुर्ची टाकून बसलेला. मी धीर करून पैशाचं विचारलं. त्यानं वही उघडली आणि म्हणाला, "तीन गिऱ्हाइकं आहेत, पाच महिने निघतील, त्यापुढचं मला सांगता येणार नाही." तिथं मी सहा वर्षं काम केलं. दोनदा पगार उशिरा झाला, दोन्ही वेळा त्यानं पंधरा दिवस आधी सांगितलं.

आता दोन टक्के शेअरचं. आधी बघ की तिथं शेअर नावाची गोष्ट आहे का. धंदा एकल मालकीचा असेल तर त्यात शेअर नसतातच, दोन टक्के काय नि वीस काय. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, असेल तर भागीदारीचा हिस्सा असतो आणि तो करारात लिहावा लागतो. एक व्यक्ती कंपनी असेल तर कायद्यानं सभासद एकच, तुला हिस्सा द्यायचा तर आधी कंपनीचं रूप बदलावं लागेल. प्रायव्हेट लिमिटेड असेल तरी शेअर पहिल्याच दिवशी हातात पडत नाहीत. कर्मचाऱ्याला ईसॉप, म्हणजे पुढे ठरलेल्या भावानं शेअर घ्यायचा हक्क, दिला तर तो पक्का व्हायला निदान एक वर्ष जावं लागतं. त्याआधी सोडलंस तर काही नाही.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. त्यांच्या बिलावर जीएसटी नंबर असेल. पंधरा अक्षरांचा, महाराष्ट्राचा असेल तर 27 नं सुरू होणारा. तो जीएसटीच्या पोर्टलवर टाक. धंद्याचा प्रकार, नोंदणीची तारीख आणि विवरणपत्रं कधी भरली तेही दिसतं. सलग महिने भरलेलेच नसतील तर का ते विचार. नंबरच नसला तर लगेच घाबरू नको, सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असली तर नोंदणीची सक्ती नसते. कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर संचालकांची नावं, स्थापनेची तारीख आणि शेवटचा ताळेबंद कधीचा ते सापडतं. भांडवल एक लाख दिसलं म्हणून कमी लेखू नको, 2015 पासून किमान भांडवलाची अटच नाही. पीएफ नाही म्हणूनही नाक मुरडू नको, तो कायदा साधारणपणे वीस माणसांपासून लागू होतो.

मूळ मार्कशीटवर मात्र अजिबात मागे हटू नको. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, मूळ प्रत पिशवीत घालून घरी आणायची. कागद एकदा त्यांच्या कपाटात गेला की थकलेला पगार मागतानाही तुझी जीभ अडखळेल. माझ्या एका मैत्रिणीची डिग्री अशी चौदा महिने अडकली होती आणि तेवढ्या काळात तिच्या हातून दोन चांगल्या नोकऱ्या गेल्या. कोरा चेकही सही करून देऊ नको. तो वटला नाही तर फौजदारी खटल्याला तोंड द्यायची वेळ येते.

बॉण्डला काही अर्थ नसतो, असं तुला मित्र सांगतील. ते खरं नाही. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दलची दोन लाखांची अट योग्य ठरवली. ती सरकारी बँक होती, भरतीवर तिचा मोठा खर्च झालेला होता. तुझ्या बाबतीत करार कायद्याचं कलम 74 लक्षात ठेव. लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, भरपाई वाजवी तेवढीच. तरी सही केलेला कागद अंगाशी येऊ शकतो, म्हणून दोन वर्षांऐवजी दोन महिन्यांची नोटीस सुचव. ज्याला तू खरंच हवा आहेस तो ह्यावर बोलायला तयार होईल.

पगार, 8,000 चे तीन महिने कोणत्या तारखेला संपतात ते, आणि हिस्सा द्यायचा असेल तर तो कसा, हे सगळं ईमेलवर मागून घे. व्हॉट्सॲपचा मेसेजही तोंडी शब्दापेक्षा बरा, पण ईमेल मागच. संभाजीनगरात 8,000 खोली आणि मेसमध्येच संपतात, तेव्हा त्या तीन महिन्यांचा हिशोब घरच्यांपुढे आधीच मांड.

आणि उत्तर द्यायच्या आधी एक काम कर. गंगाखेडला परत जाताना गाडी जालना, परतूर करत सेलूवरूनच जाणार. सेलूला थांबणारी गाडी बघ, सकाळची. मोंढ्यात जाऊन फोनवर तुझ्यावर ओरडलेल्या त्या आडत्याला गाठ. "मामा, मीच बोललो होतो त्या दिवशी" म्हण आणि बस. सॉफ्टवेअर रोज वापरता का, पैसे देता का, मुनीम अजून लाल वहीतच लिहितो का, हे विचार. लिलाव सुरू व्हायच्या आत पोच, नंतर त्याला बोलायला वेळ मिळणार नाही. तो काय म्हणाला ते मला कळव, मी वाट बघते.