मालदांडी पेरायची की पुणं गाठायचं?

पत्र असं आहे: “मंगळवेढा तालुक्यात आमची बारा एकर काळी जमीन आहे. सगळी कोरडवाहू, ज्वारीची. मुलगा बारावी सायन्स झाला, सीईटी दिली आहे. तो म्हणतो शेतीच करणार. त्याचे वडील म्हणतात, ज्वारीवर घर चालत नाही आणि शेतकऱ्याला मुलगी कोण देतो? गेल्या साली एकरी पाच क्विंटल निघाली. काय करावं?”

ताई, नमस्कार.

बापलेक दोघंही खरं बोलतात, म्हणून हा वाद मिटत नाही. आधी मालकांचा हिशेब धरू. बारा एकरांत साठ क्विंटल. 2025-26 साठी मालदांडीचा, म्हणजे या रब्बी ज्वारीच्या वाणाचा, हमीभाव क्विंटलला 3,749 रुपये. म्हणजे दाणा न् दाणा हमीभावाने गेला तरी सव्वादोन लाखांच्या आतच. त्यातून बी, काढणी, मळणी, हमाली-तोलाई वजा करा. शिवाय हमीभावासाठी खरेदी केंद्र सुरू व्हावं लागतं आणि सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद लागते. नाहीतर आडतीवर पुकारला जाईल तो भाव. लग्नाच्या प्रश्नावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. हल्ली गावोगाव हेच ऐकतो.

पण या हिशेबात कडबा, म्हणजे जनावरांना घालायची वाळली ताटं, कुठाय? कोरडवाहू मालदांडीत कडबा हे दुसरं पीकच. तो चांगला राहावा म्हणून ताटं मुळासकट उपटून काढायची, पेंढ्या बांधायच्या, आणि फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात या कामाला माणूस मिळत नाही. कापणी-मळणी एकदम करणारं कम्बाइन यंत्र घातलं तर दाणा मिळतो, कडब्याची नासाडी होते. ज्वारीखालचं रान कमी होण्यामागे भावाइतकीच ही काढणीही आहे, असं माझं मत. ज्याला ही अडचण यंत्राने सोडवता येईल, त्याला रब्बीच्या पट्ट्यात काम कमी पडणार नाही.

दुसरी गोष्ट वाणांची. राहुरी विद्यापीठाने भाकरीपलीकडच्या ज्वाऱ्याही दिल्या आहेत: हुरड्यासाठी फुले मधुर, लाह्यांसाठी फुले पंचमी, पापडासाठी फुले रोहिणी. आपल्याकडे मात्र सगळी ज्वारी एकाच पोत्यात भरून एकाच आडतीवर जाते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते नाव पिशवीवर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ती तुमच्या घरी झाली आहे का? दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली ती याच गावात. त्या गावची ज्वारी बिननावाने विकली जावी, हे मला तरी खटकतं.

आता चिरंजीवांचं. शेती करायची म्हणून डोळे झाकून बी.एस्सी. ॲग्रीला पाठवू नका. ती पदवी वाईट नाही, पण ती घेतलेली कितीतरी मुलं पुण्यात खोली करून स्पर्धा परीक्षांत वर्षं घालवतात आणि शेत मागेच राहतं. सीईटी कोणत्या ग्रुपमधून दिली, ते तुम्ही लिहिलेलं नाही. गणित असेल आणि हात यंत्रात रमत असेल तर कृषी अभियांत्रिकी. खाण्याच्या पदार्थांत डोकं चालत असेल तर अन्नतंत्रज्ञान. जीवशास्त्रच असेल तर बी.एस्सी. ॲग्री, पण मग बियाण्याकडे लक्ष ठेवून. बीजोत्पादनाचे कार्यक्रम ‘महाबीज’, म्हणजे राज्याचं बियाणे महामंडळ, शेतकऱ्यांबरोबरच राबवतं. सोलापुरात रब्बी ज्वारीचं संशोधन केंद्र आहे. पसंतीक्रम भरण्याआधी त्याने तिथे एक चक्कर मारावी, एसटीने जाऊन येण्याइतकं जवळ आहे.

पदवीनंतर भांडवल लागेल. कृषी पदवीधरांना अ‍ॅग्री-क्लिनिक योजनेत प्रशिक्षण आणि कर्जाची वाट आहे. छोट्या प्रक्रिया उद्योगाला केंद्राच्या योजनेत 35 टक्के अनुदान मिळतं, कमाल दहा लाख. मात्र ते कर्जाला जोडलेलं असतं. ज्वारीचा रवा, पोहे आधी दहा घरांत विकून दाखवल्याशिवाय त्या कर्जाच्या वाटेला जाऊ नये.

आणि मालकांना एवढं सांगा, चार वर्षं पोरगा शिकेल तोवर रान त्यांनीच पेरायचं आहे. यंदा हस्ताच्या पेरणीत एक एकर फुले मधुर लावून बघा. सुट्टीला आला की हुरडा विकायचं काम त्याच्यावर सोपवा. खर्च आणि आवक दोन्ही त्यानेच वहीत लिहायची, कडब्यासकट. ती वही हातात आली की मग पुढचं पत्र लिहा.