सईस, उपवासाच्या बटाट्याविषयी

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

आषाढी एकादशीला ताटातल्या भाजीकडे बघत तू विचारलेस, "बाबा, बटाटा तर दक्षिण अमेरिकेतून आला, मग त्याआधी लोक उपवासाला काय खात होते? हा उपवास खरा कसा?" त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली, पण प्रश्न टोचला, कारण तुझ्याजवळ शाळेत शिकलेली माहिती होती आणि माझ्याजवळ उत्तरादाखल फक्त माईआजीचे स्वयंपाकघर होते.

मंचरच्या घरी एकादशीला सकाळीच बटाटे उकडायला पडत. तुपात जिरे आणि हिरवी मिरची, वरून शेंगदाण्याचे कूट. हळद आणि मोहरी यांना त्या दिवशी सुट्टी असे. कोथिंबीर चालते की नाही यावर माई आणि सुमाआत्या यांचे कधीच एकमत झाले नाही, कारण आत्याच्या सासरी ती चालत असे. नाना दर वेळी "एकादशी आणि दुप्पट खाशी" म्हणत आणि स्वतःच पुन्हा वाढून घेत. बटाटा कोठला, हा प्रश्न कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. तो सातगाव पठारावर पिके आणि बाजारात त्याच्या पोत्यांच्या थप्प्या लागत. त्याहून अधिक आपला तो काय असणार?

तुझे म्हणणे मात्र बरोबर आहे, आणि त्याची साक्ष त्याचे नावच देते. अँडीज पर्वतातले लोक त्याला 'पापा' म्हणत, तर कॅरिबियन बेटांवर 'बटाटा' हे रताळ्याचे नाव होते. स्पॅनिश लोकांनी दोन्हींची सरमिसळ करून 'पटाटा' केले, इंग्रजांचे 'पोटॅटो' त्याच घराण्यातले, आणि आपला शब्द पोर्तुगीजांबरोबर कोकण किनाऱ्यावर उतरला. म्हणजे उपवासाच्या ताटात रताळ्याशेजारी बसणारा बटाटा रताळ्याचेच नाव लावून बसला आहे! माईला हे फार आवडले असते, असे मला उगीचच वाटते.

इथे बर्लिनला तू बटाट्याला म्हणतेस ती 'कार्टोफेल'ही काही अस्सल जर्मन नव्हे. जमिनीखालून निघतो म्हणून इटालियन लोकांनी त्याला ट्रफल नावाच्या महागड्या अळंबीचे नाव दिले, आणि ते जर्मनीत येता येता बदलले. फ्रेंच, डच आणि ऑस्ट्रियन त्याला 'मातीतले सफरचंद' म्हणतात. फिनिश 'पेरुना'च्या मुळाशी नासपती आहे. चेक लोकांचा 'ब्राम्बोर' तर आपल्या बर्लिनभोवतीच्या ब्रांडेनबुर्गवरून आला आणि हंगेरियन 'बुर्गोन्या' बर्गंडीवरून, जरी या दोन्ही ठिकाणी बटाटा मुळात उगवत नव्हता. ज्याच्या हातून वस्तू आली, तोच तिचा मालक, असा हा सरळ हिशेब दिसतो. आपण भुईमुगाला जमिनीतला मूग ठरवले, तेही याच जातीचे नामकरण. तो भुईमूगही दक्षिण अमेरिकेचाच.

पोट्सडामला प्रशियाचा जुना राजा दुसरा फ्रीडरिख याच्या थडग्यावर लोकांनी ठेवलेले बटाटे तू पाहिले आहेस. त्या राजाला 1756 साली बटाटे लावण्याचा हुकूम काढावा लागला होता. आज ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी इथल्या कितीतरी घरांत बटाट्याचे सॅलड आणि सॉसेज असते, आणि येशूच्या काळी बटाटा नव्हता म्हणून तो ख्रिसमस खोटा, असे तू तुझ्या मैत्रिणीला म्हणणार नाहीस. मग माईच्या एकादशीलाच हा न्याय का, असे मला त्या रात्री वाटत राहिले.

अर्थात, यातून तुझ्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मिळत नाही. नियम धान्य न खाण्याचा होता आणि नवा कंद धान्य नव्हता, म्हणून त्याला आत येऊ दिले, असा माझा अंदाज आहे. परंतु कांदाही धान्य नाही आणि तो बाहेरच राहिला. शिवाय बटाटा पोटभरीचा आणि चवदार होता, ही गोष्ट त्याच्या पथ्यावर पडली नसेल असे मी शपथेवर सांगणार नाही. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो आणि मिरची हीदेखील तिकडचीच, त्यामुळे माझ्या लहानपणीचे ते सारे पवित्र ताट बरेचसे समुद्रापलीकडचे निघते. हे कळल्यावर मला थोडे ओशाळल्यासारखे झाले आणि थोडी गंमतही वाटली.

तू उपवास करावास असे मी म्हणणार नाही. कार्तिकीला शाळेत जे मिळेल ते खुशाल खा. आधीचे लोक काय खात, याचे उत्तर मात्र देता येते: वरी, शिंगाडा, केळी आणि दूध हे सारे आपल्याकडे बटाट्याच्या कितीतरी आधीपासून आहे. तुला तसा उपवास करून पाहायचा असेल, तर वरीचे तांदूळ इथल्या भारतीय दुकानात मिळतात. मात्र त्यावर शेंगदाण्याची आमटी मिळणार नाही, आणि तिखटासाठी मिरीवरच भागवावे लागेल.

तुझा,
बाबा