एक खड्डा पुरेसा आहे का?

प्रश्न: हिमस्खलनाचा धोका तपासायला बर्फाच्या उतारावर खड्डा खणून स्तंभाची चाचणी केली, म्हणजे बर्फाचा उभा खांब कापून त्याच्या डोक्यावर हाताने थापा मारल्या. ३० थापांनंतरही थर सुटला नाही. आता उतार ओलांडावा का?

उत्तर: एवढ्यावर नको. ३० सेंटिमीटरचा तो स्तंभ फक्त त्याच जागेबद्दल बोलतो. थोडं पुढे वाऱ्याने बर्फाची जाड लादी रचलेली असू शकते. मी ९० सेंटिमीटर रुंदीच्या चाचणीला जास्त मानते, कारण तडा आडवा पळतो का, ते तीत दिसतं. तळाशी साखरेसारखे सुटे दाणे हाताला लागले, की मी मागे फिरते, थापा काहीही सांगोत. पायाखाली ‘धप्प’ झालं किंवा स्कीपुढे भेग धावली, तर खणायचीही गरज नाही, धोका उघड आहे, मागे फिरा. लादीची बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. त्याहून सौम्य वाट धरा आणि तिच्या डोक्यावर तीव्र उतार नाही ना, हे आधी बघा.